वाळू चढताना कळते

नामिबियाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचे स्वाकोपमुंड हे शहर एकाच वाळवंटाच्या दोन रूपांच्या सांध्यावर वसले आहे. उत्तरेला आणि पूर्वेला खडीची सपाट मैदाने क्षितिजापर्यंत पसरलेली आहेत. दक्षिणेला स्वाकोप नदीचे एरवी कोरडेच असणारे पात्र ओलांडले की वाळूच्या टेकड्या सुरू होतात आणि तीसेक किलोमीटरवरच्या वॉल्विस बे बंदरापर्यंत समुद्राच्या कडेकडेने जात राहतात. या टेकड्यांवर पर्यटकांना फळीवरून घसरायला शिकवतात. सँडबोर्डिंग या नावाने हा खेळ आता पेरूमधल्या वाकाचिनापासून दुबईपर्यंत अनेक ठिकाणी चालतो आणि त्याची जाहिरात सगळीकडे सारखीच असते: वेग, आरोळ्या, उडणारी वाळू. या खेळाचा सर्वांत छोटा भाग तेवढा जाहिरातीत दिसतो, असे माझे मत आहे. स्वाकोपमुंडच्या टेकड्यांवर जाणत्या वाटाड्याबरोबर, स्वतःच्या पायांनी चढून घेतलेला धडा हा वाळवंट समजून घेण्याचा एक प्रामाणिक मार्ग आहे. वाळू कशी वागते हे तो अंगाला शिकवतो आणि वाळवंटात पाऊल कुठे ठेवावे, कुठे मुळीच ठेवू नये, हा भेद मनात रुजवतो. तासा-दोन तासांच्या खेळाकडून एवढी अपेक्षा करणे काहींना अतिरेकी वाटेल. या म्हणण्याच्या बाजूचा आणि विरुद्धचा पुरावा त्या टेकड्यांवरच पडलेला आहे, म्हणून तो तिथेच तपासू.

आधी ही वाळू आली कुठून, ते पाहायला हवे. लेसोथोच्या पर्वतांत उगम पावणारी ऑरेंज नदी दक्षिण आफ्रिका आडवी ओलांडून नामिबियाच्या दक्षिण सीमेवर अटलांटिकला मिळते. तिने आणलेली वाळू समुद्रात पडते. लाटा आणि किनाऱ्यालगतचा प्रवाह ती शेकडो किलोमीटर उत्तरेकडे ढकलत नेतात आणि मग दक्षिणेकडून येणारे जोरदार वारे ती किनाऱ्यावरून उचलून आत टाकतात. वाळूतल्या कणांमध्ये वैश्विक किरणांमुळे तयार होणारी समस्थानिके मोजून शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की नामिबच्या वाळूसागरात कण किमान दहा लाख वर्षे फिरत राहिले आहेत. पुढे कुइसेब नदी आडवी येते. ती वर्षातले मोजकेच दिवस वाहते, पण पूर आला की पात्रात घुसलेली वाळू धुऊन नेते. म्हणून तिच्या दक्षिणेला तांबूस टेकड्यांचा सागर आणि उत्तरेला खडीचे मैदान अशी सरळ वाटणी दिसते. समुद्राजवळ मात्र तिचा जोर ओसरतो, तिथून वाळू निसटते आणि किनाऱ्याचा अरुंद पट्टा धरून थेट स्वाकोप नदीपर्यंत पोहोचते. कुइसेबच्या दक्षिणेचा वाळूसागर २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. स्वाकोपमुंडजवळच्या टेकड्या २०१० मध्ये घोषित झालेल्या डोरोब राष्ट्रीय उद्यानात मोडतात. म्हणजे ज्या उतारावरून पाहुणा काही सेकंदांत खाली येतो, तो उतार एका अतिशय लांब आणि अजून न संपलेल्या प्रवासातला मुक्काम आहे. घसरण्याचा खेळ इथे शक्य होतो तो वाळू अजून वाहती आहे म्हणूनच.

धड्याची सुरुवात फळीवर होत नाही. ती चढणीवर होते. बर्फाच्या डोंगरावर माणसाला वर नेणारा पाळणा असतो, इथे तसे काही नाही. फळी काखेत किंवा पाठीवर घ्यायची आणि चालू लागायचे. वाटाड्या पहिली गोष्ट सांगतो ती टेकडीच्या दोन बाजूंची. शाळेच्या भूगोलात बारखाणाच्या आकृतीत वाताभिमुख आणि वातविन्मुख असे दोन उतार आपण सगळ्यांनी काढलेले असतात. त्या आकृतीचा अर्थ पोटऱ्यांना समजतो तो इथे. वाऱ्याच्या तोंडची बाजू मंद चढाची आणि टणक असते, कारण वाऱ्याबरोबर उड्या मारत येणारे कण पृष्ठभागावर आदळून तो दाबून बसवतात. पाठची बाजू तीव्र उताराची आणि भुसभुशीत असते, कारण माथ्यावरून पलीकडे पडलेले कण तिथे नुसते एकमेकांवर विसावलेले असतात. टणक बाजूने किंवा माथ्याच्या धारेवरून चढले तर पाऊल टिकते. भुसभुशीत बाजूने चढू गेले तर प्रत्येक पावलाचा बराचसा भाग खाली घसरून वाया जातो. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लिबियाच्या वाळवंटात भटकून आणि नंतर प्रयोगशाळेत वारा खेळवून १९४१ मध्ये वाळूच्या हालचालीवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातला हा पाया आहे. एका चढणीत माणूस तो धापा टाकत शिकतो आणि पुन्हा विसरत नाही.

माथ्यावर उभे राहिले की दुसरा धडा समोर दिसतो. पाठच्या उताराचा कोन साधारण ३२ ते ३४ अंशांचा असतो, आणि तो टेकडी लहान असो वा शंभर मीटरच्या आसपासची, फारसा बदलत नाही. कोरड्या वाळूचे कण याहून तीव्र उतारावर टिकू शकत नाहीत. माथ्यावर भर पडत गेली आणि कोन ओलांडला गेला, की वरचा थर सुटतो, जिभेच्या आकाराने खाली ओघळतो आणि उतार पुन्हा त्याच कोनावर येऊन थांबतो. माणूस फळीवरून खाली जातो तेव्हा वाळू रोज स्वतः जे करते तेच तो करत असतो. समुद्राकडून आलेल्या धुक्याने सकाळी वाळू ओलसर असते. ओले कण एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ऊन चढून वरचा थर सुकेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते. वारा, ओल, कोन आणि कणाचा सैलपणा या चार गोष्टी वाचता आल्याशिवाय उतार निवडता येत नाही. चांगला शिक्षक त्या वाचून दाखवतो आणि मग विद्यार्थ्याला विचारतो, की तू कुठून उतरशील? माझ्या लेखी या प्रश्नापाशी खेळ संपून शिक्षण सुरू होते.

फळ्या दोन प्रकारच्या असतात. पालथे झोपून घसरायची फळी म्हणजे गुळगुळीत हार्डबोर्डचा पातळ तक्ता. त्याच्या खालच्या बाजूला मेण घासतात, पुढची कड दोन्ही हातांनी धरून वर उचलून ठेवायची असते आणि कोपरे वाळूला लागू द्यायचे नसतात. पुढची कड खाली गेली तर ती वाळूत रुतते आणि तोंडावर वाळूचा लोट येतो. मागे लोंबणाऱ्या पायांचे चवडे टेकवले की वेग कमी होतो. सरळ उतारावर हा वेग ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो असे वाटाडे सांगतात, म्हणून शिरस्त्राण आणि चष्मा यांवर ते अडून बसतात. उभे राहून घसरायची फळी बर्फावरच्या फळीसारखी असते, तिच्यावर पाय बांधलेले असतात. पण बर्फावर शिकलेला माणूसही इथे अडखळतो. बर्फावर घर्षणाने पाण्याचा सूक्ष्म थर तयार होतो आणि त्यावरून फळी सरकते. वाळू वितळत नाही, तिथे कणांवर कणच घासतात. म्हणून मेण पुन्हा पुन्हा लावावे लागते, उतार तीव्रच निवडावा लागतो, वजन थोडे मागच्या पायावर ठेवून फळीचे नाक वर राखावे लागते आणि वळण घेताना कड हलक्या हाताने, म्हणजे हलक्या टाचेने दाबावी लागते. घाईने दाबलेली कड रुतते. या सगळ्या सूचनांचे सार एकच आहे: वाळूवर जोर चालत नाही, तिच्या कलाने घ्यावे लागते. पुस्तकातून कळलेली ही गोष्ट आणि गुडघ्यांना कळलेली गोष्ट यांत फार अंतर आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हे सगळे ज्ञान म्हणजे शेवटी मौजेला चढवलेला मुलामा आहे. लोक वेगासाठी येतात, फोटो काढतात, निघून जातात. लोक वेगासाठी येतात हे खरेच आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न असा आहे, की तो वेग त्यांना कोणत्या किमतीला मिळतो. याच टेकड्यांवर चार जाड चाकांच्या क्वाड बाइकही ठरवून दिलेल्या भागात फिरतात. त्यांच्यावर बसलेल्या माणसाला चढणीची किंमत द्यावी लागत नाही. इंजिन ती देते, म्हणून त्याला टणक बाजू कुठली आणि भुसभुशीत कुठली हे कळण्याचे कारणही उरत नाही. फळीवाल्याला प्रत्येक उतरणीसाठी एक चढण मोजावी लागते. काही फेऱ्यांनंतर पाय आपोआप थांबतात. माणसाच्या हव्यासाला त्याच्या फुप्फुसांनी घातलेली ही मर्यादा मला या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. निसर्गातल्या पर्यटनाचे बहुतेक दुष्परिणाम सुरू होतात ते श्रम आणि आनंद यांची फारकत झाली की. इथे ती झालेली नाही. शिवाय चढताना माणूस सावकाश असतो, खाली पाहत असतो, थांबत असतो, आणि वाळूवर उमटलेल्या खुणा त्याच वेळी दिसतात: भुंगेऱ्याच्या पायांची टाक्यांसारखी ओळ, सरड्याच्या शेपटीची रेघ, सापाच्या आडव्या चालीच्या समांतर तिरप्या रेषा.

दुसरा आक्षेप याच खुणांमधून निघतो आणि तो पहिल्याहून कितीतरी वजनदार आहे. घसरणीचा उतार मोकळा आहे असे आपण समजतो, पण नामिबमध्ये तोच जिवंतपणाचा कणा आहे. स्वाकोपमुंडला वर्षाला २० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. कोकणातल्या एखाद्या दुपारच्या सरीत याहून जास्त पाणी येते. तरीही इथे जीव आहेत, कारण वारा दूरवरून सुक्या गवताच्या काड्या, बिया आणि मेलेले किडे उडवत आणतो आणि ते सगळे पाठच्या उताराच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या आडोशाला साठते. भुंगेरे या सुक्या कचऱ्यावर जगतात, सरडे भुंगेऱ्यांवर, आणि डोळे माथ्यावर असलेला पेरिंग्वेचा साप वाळूत अंग पुरून सरड्यांची वाट पाहतो. आपल्याकडचे फुरसे जसे आडवे सरकते, तशीच त्याची चाल आहे. वाळूच्या आत पोहल्यासारखा फिरणारा सोनेरी मोल हा आंधळा छोटा प्राणी रात्री वाळवी शोधतो. पाणी मिळते ते धुक्यातून. किनाऱ्यावर वर्षातले शंभराहून अधिक दिवस धुके असते. ओनिमॅक्रिस उंग्विक्युलारिस नावाचा भुंगेरा धुक्याच्या वेळी टेकडीचा माथा गाठतो, डोके खाली आणि पाठ वर करून वाऱ्याकडे उभा राहतो आणि पाठीवर जमून तोंडाशी ओघळणारे थेंब पितो. विल्यम हॅमिल्टन आणि मेरी सीली यांनी १९७६ मध्ये हे जगापुढे मांडले. सीली यांनी आपले आयुष्य ज्या गोबाबेब संशोधन केंद्राला दिले, ते १९६२ पासून कुइसेबच्या काठावर उभे आहे. म्हणजे फळी घेतलेला माणूस ज्या माथ्यावर चढतो तो भुंगेऱ्याचा पाणवठा आहे, आणि ज्या पायथ्याशी तो थांबतो ते साऱ्या टेकडीचे धान्याचे कोठार आहे.

हा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. सँडबोर्डिंग निरुपद्रवी आहे असा दावा मी करत नाही; त्याची हानी मर्यादित ठेवता येते आणि ती मर्यादा पाळणे हा धड्याचाच भाग असला पाहिजे, एवढा माझा दावा आहे. थोडा हिशेब करू. ७० किलोचा माणूस दोन्ही पावलांवर उभा राहिला तर साधारण ४०० चौरस सेंटिमीटरवर त्याचे वजन पडते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला १७५ ग्रॅम. तोच माणूस ५,००० चौरस सेंटिमीटरच्या फळीवर पालथा पडला तर हाच दाब १४ ग्रॅमवर येतो, म्हणजे बारा-तेरा पट कमी. याचा अर्थ सरळ आहे: या खेळात वाळूला जास्त त्रास होतो तो उतरताना नाही, चढताना. म्हणून एकामागे एक, एकाच वाटेने चढवणारा आणि गटाला माथ्याच्या धारेवर पांगू न देणारा वाटाडा ही हानी खरोखर कमी करतो. दुसरे, या उतारावरचे जीव हलत्या वाळूसाठीच घडलेले आहेत. तिथे वाळू रोज ओघळते. सरडा धोका दिसताच तिच्यात बुडी मारतो, भुंगेरा गाडला गेला तरी वर येतो. तिसरे, धुक्याची आणि पाणी पिण्याची वेळ रात्रीची व पहाटेची असते, तर घसरण्याची वेळ वाळू सुकल्यानंतरची. वेळेचे हे अंतर पाळणे सोपे आहे आणि ते पाळलेच पाहिजे. आणि चौथे, खेळ मोजक्या, ठरलेल्या टेकड्यांवर राहिला तर मैलोन्‌मैल पसरलेल्या पट्ट्यातला फार छोटा तुकडा वापरात येतो. या चारही अटी पाळल्या गेल्या नाहीत, तर आक्षेप जिंकतो आणि मी त्याच्याच बाजूने उभा राहीन.

वाळवंटाचा खरा नाजूक भाग टेकड्यांवर नाहीच, आणि इथे वाटाड्याचे मोल पूर्ण उमगते. स्वाकोपमुंडच्या उत्तरेची आणि पूर्वेची खडीची मैदाने नवख्या डोळ्याला मेलेली वाटतात: सपाट, करडी, ओसाड. उलट टेकड्या भव्य आणि जपून वागण्याजोग्या भासतात. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. टेकडीवरचा पाऊलमाग वारा काही दिवसांत, कधी काही तासांत पुसतो. मैदानावर उमटलेला चाकाचा माग दशकानुदशके राहतो, कारण तिथे खडीचा पातळ थर आणि त्याखालचे कवच एकदा मोडले की ते पुन्हा जुळवायला ना पाऊस आहे ना वाहती वाळू. त्या खडीवर लायकेन वाढते. आपल्या गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे लायकेनच. नामिबमधली लायकेनची मैदाने जगात नावाजलेली आहेत. ती धुक्यावर जगतात, अतिशय सावकाश वाढतात आणि एका टायरखाली क्षणात चुरडली जातात. अशाच उघड्या खडीवर डमारा टर्न हा छोटा सुरय घरटे न बांधता अंडे घालतो, बहुधा एकच. या पक्ष्याची जगातली बहुतेक वीण नामिबियाच्याच किनाऱ्यावर होते. २०१२ मध्ये मॅड मॅक्स मालिकेतल्या एका चित्रपटाचे चित्रीकरण या भागात झाले, तेव्हा गाड्यांनी मैदानाची नासधूस केल्याचा आरोप झाला आणि तो नाकारलाही गेला. वाद कुठेही संपला असो, त्यातून एक गोष्ट सगळ्यांच्या लक्षात आली: इथे एका दिवसाचा निष्काळजीपणा एका पिढीला पुरतो.

तिसरा आक्षेप एकट्याने हिंडणाऱ्यांचा असतो. वाळवंट म्हणजे एकांत; तिथे शिक्षक, सूचना, शिरस्त्राण आणि वेळापत्रक आणले की त्याचे सत्त्व जाते, असे ते म्हणतात. या भावनेबद्दल मला आदर आहे. एकट्याने, शांतपणे, पायी हिंडणारा माणूस बहुधा कुणाचे नुकसान करायला जात नाही. पण सद्हेतू पुरेसा नसतो, कारण इथला भेद नजरेला दिसत नाही. तो कुणीतरी दाखवावा लागतो. याचे सर्वांत कठोर उदाहरण शहराच्या कडेलाच आहे. जर्मनांनी १८९२ मध्ये स्वाकोपमुंड वसवले ते आपल्या वसाहतीला बंदर हवे म्हणून, कारण वॉल्विस बे इंग्रजांकडे होते. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहार केला आणि स्वाकोपमुंडमध्येही कैद्यांची छावणी होती. तिथे उपासमारीने, रोगाने आणि वेठबिगारीने मेलेल्यांची निनावी थडगी शहराच्या स्मशानभूमीलगत वाळूच्या लहान लहान उंचवट्यांच्या रूपात आहेत. जर्मनीने या संहाराला वंशसंहार म्हणून मान्यता दिली ती २०२१ मध्ये. वाळूचा प्रत्येक उंचवटा म्हणजे टेकडी नसते, हे पाहुण्याला कोण सांगणार? नकाशा सांगत नाही, आणि एकांतही सांगत नाही. त्या मातीत वाढलेला माणूस सांगतो. त्याचे ऐकण्याने एकांत थोडा कमी होत असेल, तर तेवढी किंमत देणे न्याय्य आहे.

यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. वाळवंट रिकामे आहे ही कल्पना नेहमी बाहेरून आलेल्यांची असते, आणि रिकाम्या जागेत काहीही करायला माणूस कचरत नाही. कुइसेबच्या खालच्या खोऱ्यात राहणारे टॉपनार लोक नामा समाजातले आहेत. टेकड्यांच्या कडेला वाढणारी नारा ही पाने नसलेली काटेरी वनस्पती हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार आहे. तिची मुळे वाळूखालून खोल पाण्यापर्यंत जातात, तिच्या टरबुजासारख्या फळांचा गर खातात आणि बिया साठवतात व विकतात. जिथे पाहुण्याला नुसता उतार दिसतो तिथे कुणाला तरी यंदाचे पीक दिसत असते. १९९० मध्ये स्वतंत्र झालेल्या नामिबियाने पर्यावरणाचे रक्षण थेट आपल्या राज्यघटनेत लिहिले, तेही जगातल्या फार थोड्या देशांनी तसे केले होते त्या काळात. पायी चालणाऱ्या धड्यातला बराच पैसा इंजिन आणि इंधन यांऐवजी माणसाच्या ज्ञानाला आणि श्रमाला मिळू शकतो, कारण तिथे विकायला दुसरे फारसे काही नसते: एक फळी, थोडे मेण आणि वाळूची जाण. ज्या देशाला आपले वाळवंट राखायचे आहे, त्याच्यासाठी ही जाण असलेला माणूस पोटापाण्याला लागणे ही राखणीचीच एक रीत आहे.

चौथा आक्षेप अंतराचा. मुंबईहून नामिबिया गाठायला एकदा तरी विमान बदलावे लागते. इतका धूर सोडून जाऊन तिथे पाऊल हलके ठेवण्याच्या गप्पा मारणे कितपत खरे? याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही आणि कुणाकडे असेल असे वाटत नाही. एवढेच म्हणता येते, की केवळ घसरण्यासाठी तिथे जाऊ नये. जायचेच तर भरपूर राहावे, पाहावे, शिकावे. पण या धड्याचा उपयोग परत आल्यावर जास्त आहे. दिवाळीत आणि नाताळात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने जैसलमेरला जातात आणि सम गावाजवळच्या टेकड्यांवर जीपमधून उड्या मारणे हा त्या सहलीचा ठरलेला भाग झाला आहे. त्याच परिसरात डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि जगात उरलेले बहुतेक माळढोक तिथेच जैसलमेरच्या आसपास आहेत. सोलापूरजवळ नान्नजच्या अभयारण्यात ज्या पक्ष्यासाठी आपण माळ राखला, त्याचा शेवटचा मोठा आसरा त्या वाळवंटाच्या गवताळ सपाटीवर आहे, जिला पर्यटक वाटेतली पडीक जमीन समजतो. गोव्यात मोरजी आणि मांद्रे इथे, तसेच कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर वाळूचे उंचवटे आहेत. मर्यादवेलीची जाळी त्यांना धरून ठेवते, ते उधाणाच्या लाटा अडवतात आणि किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत त्यांना सर्वांत संवेदनशील वर्गात स्थान आहे. तरी वाहने आणि बांधकामे त्यांच्यावर चढतात, कारण त्यांच्याकडे पाहायला आपल्याला कुणी शिकवलेले नसते. इथे एक सावधगिरी हवी: नामिबच्या उघड्या, हलत्या टेकडीवर जे चालते ते मर्यादवेलीने बांधलेल्या उंचवट्यावर चालणार नाही. तिथे घसरायचे नाही आणि चढायचेही नाही. कुठली वाळू पाऊल सोसते आणि कुठली सोसत नाही, हा भेद शिकणे म्हणजेच हा धडा शिकणे.

म्हणून सँडबोर्डिंगचा धडा निवडताना पैशांआधी आणि वेगाआधी काही प्रश्न विचारावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. टेकडी पायी चढायची आहे की गाडीने? चढायची वाट एकच आहे का? किती लोकांचा गट आहे आणि कोणत्या टेकड्या मोकळ्या ठेवल्या आहेत? टेकडीपर्यंत पोहोचताना गाडी आधीच्या मागावरूनच जाते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, शिकवणारा माणूस फक्त फळी कशी धरायची ते सांगतो, की वाळूवरच्या खुणाही वाचून दाखवतो? या प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली तर निर्धास्तपणे चढावे, घसरावे, मोठ्याने ओरडावे आणि धापा टाकत पुन्हा चढावे. त्या आनंदात कमीपणा काही नाही. उत्तरे मिळाली नाहीत तर परत फिरावे. पर्यटक प्रश्न विचारतो तेव्हा धंदा बदलतो, कारण वाळवंटाला मतदान करता येत नाही, लायकेनला तक्रार करता येत नाही आणि भुंगेऱ्याला माथा सोडून दुसरीकडे पाणी नाही. त्यांच्या वतीने विचारता येण्याजोगे प्रश्न फक्त आपल्याकडे आहेत, आणि ते विचारण्याइतकी समज देण्याची ताकद या एका चढणीत नक्की आहे.